रिकोची वही मी धरते

३ सप्टेंबर, सोमवार

ही डायरी मेंढ्यांची आहे. म्हणजे मेंढ्यांची औषधं विकणारं ते सहकारी दुकान दर वर्षी गिऱ्हाइकांना वाटतं, त्यातली. माझ्याकडे एक मेंढी नाही. शेजारच्या फीकीच्या जावयाने दोन डायऱ्या उचलल्या आणि एक मला दिली. प्रत्येक पानावर वर एक सल्ला छापलेला असतो. आज लिहिलंय, कोकरांच्या शेपट्या तपासा. तपासल्या म्हणायचं.

जानेवारीपासून कोरीच पडली होती. माझी शाळा दुसरीपर्यंत, आणि त्यातही जर्दाळूच्या दिवसांत शाळा नाहीच, सगळी पोरं वाळवणाच्या अंगणात सुऱ्या घेऊन जर्दाळू कापायला. त्यामुळे लिहायचं म्हटलं की हात दुखतो. पण आज लिहायलाच हवं. माझा रिको घरी आलाय!

रिको म्हणजे एल्रिको विंटफोएल, माझ्या लीनाचा मुलगा. लीना केपटाऊनला कामाला होती, म्हणून तो इथे माझ्याकडेच, आजीकडे वाढला, मला औमा म्हणतो. आता एक्केचाळीसचा आहे. नट आहे, नाटकं बसवतोही. टीव्हीवर संध्याकाळी सातला मालिका लागते ना, त्यातला सायलस मोस्टर्ट, तो मिशीवाला लबाड वकील, तोच माझा रिको. चौदा वर्षं. गावातल्या बायका मला तानी, म्हणजे मावशी म्हणतात, आणि चर्चच्या दारात अडवून विचारतात, "तानी राखेल, तुमच्या सायलसने त्या विधवेचं मृत्युपत्र कुठे लपवलंय?" मला काय ठाऊक. मीही त्याला फोनवर विचारलं होतं, सांगत नाही मेला.

दोन मोठ्या बॅगा आणि एक उभा दिवा घेऊन आला. सुट्टीवर आलोय म्हणाला. पलीकडची फीकी भिंतीवरून बघत होती. "अगं राखेल, सुट्टीला येताना माणूस दिवा कशाला आणतो?"

"वाचायला," मी म्हटलं. बावन्न वर्षं माझी शेजारीण आहे, पण नाक खुपसायची सवय जात नाही.

७ सप्टेंबर, शुक्रवार

आज सायलस मेला.

द्राक्षाच्या दारूच्या टाकीत पडला. ढकलला म्हणा. मी आणि रिको बाकावर शेजारी शेजारी बसून बघत होतो. दारू त्याच्या तोंडावरून गेली तेव्हा मी रिकोचा हात घट्ट धरला आणि रडायला लागले. तो म्हणतो, "औमा, मी इथे आहे. लाल पाणी होतं ते. एका दमात झालं, परत करावं लागलं नाही." तरी मला रडू आवरेना. डोळे उघडे ठेवून मरायची काही गरज होती का?

साडेसात वाजता दारावर थाप. फीकी! काळी टोपी घालून, हातात झाकलेलं पातेलं. उघडलं तर मनुका घातलेला पिवळा भात. मयताच्या घरी नेतो तो.

"फीकी, अगं हा बसलाय ना समोर, जिवंत!"

"मला दिसतंय. मी आंधळी नाही. पण चौदा वर्षं रोज संध्याकाळी माझ्या घरात यायचा तो. रिकाम्या हाताने कशी येणार?"

रिको उठला, तिची टोपी काढून घेतली, म्हणाला, "या तानी फीकी, बसा. मयतच कॉफी करतंय आज."

आठ वाजेपर्यंत अकरा माणसं आणि सहा पातेली भात. खुर्च्या पुरेनात. पाववाल्याची बायको म्हणाली, "वाईट होता, पण आपला होता." सगळ्यांनी माना हलवल्या. दोघीतिघींनी रिकोला तोंडावर सांगितलं की त्या विधवेला छळलंस त्याची फळं भोगलीस, आणि वर त्यालाच भात वाढला. तो दोन ताटं जेवला. पाद्री अपॉलिसही आले. त्यांनी लहानशी प्रार्थना केली, "ज्याची आज जागा गेली, त्याला बळ दे." आणि बघत होते रिकोकडे. म्हातारे होत चाललेत बिचारे. प्रार्थना मेलेल्यासाठी करायची असते.

सगळे गेल्यावर रिको मागे पाण्याच्या टाकीपाशी बराच वेळ उभा होता. आत आला तेव्हा डोळे लाल. जर्दाळूला बहर आलाय, त्याची धूळ. मलाही होतो त्रास.

१२ सप्टेंबर, बुधवार

भात संपला आज. सहा दिवस पिवळा भात! आता मनुका बघितली तरी पोटात ढवळतं.

आणि भातासोबत ती सुट्टीही संपली. जेवताना मी विचारलं, परत कधी जायचंय, डबा काय देऊ. त्याने चमचा खाली ठेवला.

"औमा, परत नाही जायचं. सायलसला मारला म्हणजे मला काढलं."

"का? काय केलंस?"

"काही नाही. नवीन माणसं आलीत वरती. म्हणतात विंटफोएल फार हळू बोलतो. वाक्याच्या मध्येच थांबतो. आता लोकांना भराभर लागतं."

हळू? माझा रिको? मला हसूच आलं. पोरगा सहा वर्षांचा असल्यापासून मी त्याची वही धरते आहे, आणि उभ्या आयुष्यात मी त्याला एकच गोष्ट सांगत आले, हळू जा, हळू जा!

वही धरायची म्हणजे काय ते लिहून ठेवते. तो पाठ म्हणणार आणि मी समोर कागद धरून बसणार, चुकला तर सांगायला. मला वाचता कुठे येत होतं धड. एकेका अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवून वाचायचे मी. तो भरकन म्हणून मोकळा व्हायचा आणि मी अजून पहिल्याच ओळीत. मग मी ओरडायचे, "थांब रे पोरा, मी अजून तिथे पोचले नाही!" मग तो थांबायचा. ओळ म्हणायचा, थांबायचा, माझ्या बोटाकडे बघायचा. बोट ओळीच्या टोकाला पोचलं की मी मान हलवायची, की पुढची ओळ. चुलीवर सूप, समोर हा. त्याची नाटकं पाठ झाली आणि मी वाचायला शिकले. माझी खरी शाळा तीच.

त्याचं पहिलं काम म्हणजे ईस्टरच्या नाटकातला कोंबडा. येशूला ओळखतोस का विचारल्यावर पीटर तीनदा नाही म्हणतो आणि कोंबडा आरवतो, एवढंच. पण आरवायचं कधी, तर मी पहिल्या रांगेतून मान हलवीन तेव्हा, असं आमचं ठरलेलं. आणि माझ्या टोपीची पट्टी सुटली! मी पट्टी बांधत बसले. पीटर नाही म्हणून उभा, सगळं चर्च गप्प, आणि कोंबडा माझ्याकडे बघत गप्प. इतकी शांतता की बाहेरचा पंप ऐकू येत होता. पीटर झालेला माणूस खरंच रडायला लागला. मग मी मान वर केली, हलवली, आणि पोरगा असा आरवला, असा आरवला! गावात अजून सांगतात. मला मात्र अजून लाज वाटते त्या पट्टीची.

१५ सप्टेंबर, शनिवार

रिको एक नाटक बसवतोय. इथेच, टाऊन हॉलमध्ये. ऑक्टोबरच्या सहा तारखेला गावात जत्रा भरते ना, नाटकाची आणि गाण्याची, त्यात दुपारी तीनला.

त्यानेच लिहिलंय, बरीच वर्षं बॅगेत होतं म्हणे. नट तोच, बसवणारा तोच. रेल्वेच्या फाटकावरचा एक माणूस. गाड्या बंद झाल्यात पण त्याला कुणी कळवलेलं नाही, म्हणून तो रोज दिवा लावून वाट बघतो. एक तास हा एकटाच बोलणार. मी म्हटलं, "पाद्रीसारखं झालं की हे. त्यांच्यात निदान मध्ये गाणी असतात."

तर हसला आणि कागदांची चळत माझ्या मांडीवर ठेवली. एक्केचाळीस पानं. "औमा, वही धरशील?"

मी आधी हात धुवून आले.

२० सप्टेंबर, गुरुवार

डायरीचा सल्ला: पाण्याच्या हौदात शेवाळ साठू देऊ नका.

बाविसाव्या पानापर्यंत बरं जातं. तेविसाव्या पानावर गाडी अडते. तिथे तो माणूस म्हणतो, "आज अकरावा दिवस. गाडी नाही. दिवा मात्र मी लावला." त्याच्यापुढचं वाक्य रिकोला आठवतच नाही. रोज त्याच जागी. तोंड कोरडं पडतं, हात गार. मी हात धरून बघितला, खरंच बर्फ. उन्हात उभा असून.

मी पुढचं वाक्य वाचून दाखवते, पण मला वाचायला वेळ लागतो आणि तोवर तो चिडून अंगणात जातो. पायरीला लाथ मारतो.

पुढचं वाक्य असं आहे: "दिवा गाडीसाठी नसतोच. फाटकावर कुणीतरी आहे, एवढं कळावं म्हणून असतो." चांगलं आहे. मला आता पाठ झालं, त्याला होत नाही.

आज जुन्या बिस्किटाच्या डब्यातली कात्रणं काढून त्याच्यासमोर ठेवली, जरा बरं वाटेल म्हणून. त्यात केपटाऊनच्या पेपरचं आहे, त्याच्या पंचविशीतलं. "विंटफोएल रंगमंचावर थांबतो तेव्हा वाटतं, तो कुणाची तरी वाट बघतो आहे, आणि आपणही बघू लागतो." मी म्हटलं, "कुणाची वाट बघायचास रे? दुसरा नट उशिरा यायचा का?"

त्याने कात्रण परत डब्यात ठेवलं. मग माझ्या डोक्यावर ओठ टेकवले आणि म्हणाला, "हो औमा. फार उशिरा यायचा."

आळशी माणसं सगळीकडे असतात.

२४ सप्टेंबर, सोमवार

आज सुट्टी, देशभर. सकाळपासून सगळ्या गल्लीत निखारे आणि मांसाचा धूर. लीना केपटाऊनहून आली आणि तिचा चुलतभाऊ डेरिकही जॉर्ज गावाहून आला, ज्याचं फर्निचरचं दुकान आहे. मेंढीच्या बरगड्या आणि सॉसेज भाजली, मी बटाट्याचं सॅलड केलं.

डेरिक सॉसेज उलटताना रिकोला म्हणाला, "माझ्याकडे ये ना. मॅनेजर म्हणून. तू नुसता दारात उभा राहिलास तरी बायका सोफे घेतील. सायलस मोस्टर्ट स्वतः सोफा दाखवतोय!"

"सायलस मेला," रिको म्हणाला.

"मग भूत म्हणून उभा राहा. भूत बघायला जास्त येतील."

सगळे हसलो. मी पण. पण लीना हसली नाही. तिने ताट खाली ठेवलं. "एल्रिको, चाळिशी उलटली. वर्षाचे बारा महिने पगार, घराजवळ, औमाजवळ. नाही कशाला म्हणतोस?"

"नाही म्हटलंय का मी?"

"मग हो म्हण."

तो निखारे सारखे करत म्हणाला, "सहा तारखेला नाटक आहे. ते झालं तर झालं. मी तिथे अडकलो तर आठला सोमवारी डेरिकला फोन करीन, आणि मग परत नाटकाचं नाव काढणार नाही. कुणीही काढायचं नाही. औमानेही नाही."

ठरलं. डेरिकने त्याच्या हातावर टाळी दिली. जत्रेत घोडा विकतात तसं वाटलं मला.

जवळ आला असता ना. वीस मैलांवर. दर रविवारी जेवायला आला असता. मला आनंद व्हायला हवा. तर मी सॅलडचं भांडं घासत बसले, आणि स्वच्छ झालं तरी घासतच होते.

२९ सप्टेंबर, शनिवार

आज तालमीसाठी टाऊन हॉलमध्ये गेलो. रिको पुढच्या दाराने गेला आणि मी सवयीने वळून मागच्या दाराशी. तो हाका मारतोय, "औमा, इकडे!" पाय काय ऐकतात. एकोणीस वर्षं त्या दाराने गेले. पुढचं दार तेव्हा गोऱ्यांचं, आमच्यासारख्यांना नव्हतंच. मागे कपबशा धुवायच्या, आणि कपबशा बाहेर द्यायची एक खिडकी, ती झाकलेली. मोठ्या शहरातून नाटकं यायची ती मी त्या खिडकीमागून ऐकली. एकही बघितलं नाही. घरी येऊन रिकोला सांगायचे, मग राणी ओरडली, मग काहीतरी पडलं, मग कुणीच बोलेना. "मग काय झालं औमा? कुणीच का बोलेना?" मला दिसत नव्हतं तर काय सांगणार. तोच मग स्वतः करून दाखवायचा, टेबलावर चढून.

त्याने आज पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची ठेवली. शेजारी तो उभा दिवा, केपटाऊनहून आणलेला. वाचायलाच होता की! फीकीला सांगणार आहे.

तालीम तेविसाव्या पानावर थांबली. मग तो रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसला आणि चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट बोलला, मला आजच कळली. केपटाऊनला शेवटच्या नाटकात तो अडकला होता. बावीस ओळी गाळून पुढे गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही, टाळ्याही पडल्या.

"मग झालं की! कुणाला कळलं नाही ना?"

"मला कळलं, औमा. दुसऱ्या दिवशी टीव्हीचं काम आलं आणि मी पळालो. तिथे चुकलं की परत घेतात."

"मग मला का नाही बोलावलंस तेव्हा? आले असते मी वही धरायला."

"तिथे असं कुणी आजीला आणत नाही."

"का? त्यांच्या आज्यांना वाचता येत नाही?"

हसला. फार दिवसांनी पोटातून हसला.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवला नाही. मिशी काढून टाकली. ओठ एवढासा दिसतो, सहा वर्षांचा होता तसा. उद्याच्या बुटांना पॉलिश केलं, त्याच्या आणि माझ्याही.

७ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा डोकं दुखतंय असं खोटं सांगितलं. मी रिकोचं वाटोळं केलं. लिहिते सगळं, म्हणजे पोटातून जाईल.

काल हॉल भरला होता. मागे लोक उभे. केपटाऊनचे पेपरवालेही होते, गळ्यात ओळखपत्रं घातलेले. लीना आणि डेरिक चौथ्या रांगेत. फीकी माझ्या शेजारी, तीच काळी टोपी घालून. म्हणे, चांगली टोपी एकच आहे. मी पुढच्या दाराने गेले. दिवा लावला, वही मांडीवर, बोट पहिल्या ओळीवर.

आणि रिको आला, हातात कंदील घेऊन. काय सांगू. तो माझा रिको नव्हताच, तो फाटकावरचा माणूस होता. रुळावर कान ठेवून ऐकतो, तेव्हा सगळा हॉल ऐकायला लागला. मी इतकी बघत राहिले की बोट सरकवायचं विसरले! वही धरणारीने बघायचं नसतं, वाचायचं असतं. माझीच चूक.

मग तो म्हणाला, "आज अकरावा दिवस. गाडी नाही. दिवा मात्र मी लावला." आणि थांबला.

मी खाली बघते तर बोट अजून एकविसाव्या पानावर! घाईघाईने पान उलटायला गेले, बोटं कोरडी, दोन पानं चिकटलेली. बोटाला थुंकी लावली. हॉल गप्प. माझ्या पानांचा आवाज सगळीकडे. आणि मग, देवा, सवयीने तोंडातून निघून गेलं. तेही मोठ्याने, चुलीपुढून अंगणात ऐकू जावं असं.

"थांब रे पोरा, मी अजून तिथे पोचले नाही!"

सगळा हॉल हसला. फीकीने मांडीला असा चिमटा काढला की निळं पडलंय. "राखेल, अगं गप्प!" मला वाटलं जमीन फाटावी. मी वर बघितलं. रिको माझ्याकडे बघत होता. तोंड पांढरं. मग हळूहळू त्याने कंदील खाली ठेवला, फाटकाच्या स्टुलावर बसला, हात मांडीवर ठेवले आणि वाट बघायला लागला.

खरंच वाट बघत बसला! एवढ्या लोकांसमोर! मग मी काय करणार, वाचायला लागले. बोट ठेवून, ओठ हलवत. बाविसावं पान सगळं वाचायचं होतं, मध्येच कसं सोडणार. हसणं थांबलं होतं. कुणी खोकेना सुद्धा. तेविसावं पान आलं. आज. अकरावा. दिवस. गाडी. नाही. दिवा. मात्र. मी. लावला. बोट ओळीच्या टोकाला पोचलं आणि मी मान हलवली.

"दिवा गाडीसाठी नसतोच," रिको म्हणाला. अगदी हळू, जेवायला ये म्हणावं तसं. "फाटकावर कुणीतरी आहे, एवढं कळावं म्हणून असतो."

पुढे शेवटपर्यंत एक शब्द अडला नाही. पण काय उपयोग, नाटक तर मी मोडलं होतं. शेवटी सगळे एकदम उठून उभे राहिले. मला वाटलं घरी निघाले. टाळ्या वाजवत होते, ती दया असणार. लीना रडत होती. मी वही पोटाशी धरून मागच्या दाराने घरी आले.

तो उशिरा आला, मी झोपल्याचं सोंग केलं. पायाशी उभा राहिला बराच वेळ. पांघरूण नीट केलं माझं.

उद्या आठ तारीख, सोमवार. डेरिकला फोन.

८ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी मीच आधी बोलले. कॉफी आणि टोस्ट पुढे ठेवला आणि म्हटलं, "रिको, माझं चुकलं. म्हातारीला परत वही देऊ नकोस."

त्याने टोस्ट कॉफीत बुडवला, तो विरघळून पडला तरी तसाच धरून बसला. "औमा, तुला खरंच कळलं नाही?"

"कळलं ना. सगळ्या गावाला कळलं."

तेवढ्यात फीकी भिंतीवरून, हातात पेपर. "राखेल! तू छापून आलीस! चष्मा लाव!" तिला धीर नव्हता, तिनेच वाचला. पेपरवाला लिहितो, या वर्षीच्या जत्रेतली सगळ्यात धीट गोष्ट म्हणजे दिग्दर्शक विंटफोएलने पहिल्या रांगेत बसवलेली म्हातारी. अख्ख्या हॉलला एका माणसाची वाट बघायला लावणं, आणि ती संपूच नये असं वाटायला लावणं, हे आज दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

"बसवलेली म्हणजे? मी काय पाण्याचा पंप आहे?" मी म्हटलं. पेपरवाल्यांना वाटतं सगळं मुद्दाम असतं. पण रिकोची स्तुती होती, मग मी गप्प बसले. राहू दे त्यांचा गैरसमज, त्याच्या उपयोगी पडतोय तर.

मग त्याने फोन लावला. मी भांडी वाजवली नाहीत, ऐकू यावं म्हणून. "डेरिक? नाही रे. येत नाही. काम मिळालं. हेच नाटक, पाच गावं, नोव्हेंबरपर्यंत." मग जरा थांबला, तो थांबतोच मध्ये. "नाही, एकट्याला नाही. दोघांना."

दोघांना म्हणजे त्या दिव्यालाही धरलं की काय, मला वाटलं. तर माझ्याकडे बोट दाखवत होता!

लीनाने केपटाऊनहून फोन केला. सोफ्याचं एक अक्षर काढलं नाही. फक्त म्हणाली, "आई, गाडीत गरम कपडे घाल." मी पाद्रींना सांगायला गेले की काही रविवार मी नसेन. ते म्हणाले, "मला माहीत होतं राखेल, जागा मिळेल त्याला." अजून तीच प्रार्थना धरून बसलेत.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

आजचा सल्ला: लोकर कातरण्याआधी मेंढी कोरडी असू द्या.

परवा पहिलं गाव. तीन तासांचा रस्ता. फीकीने वाटेत खायला कुकसिस्टर, म्हणजे पिठाच्या वेण्या, तळून पाकात बुडवून दिल्यात. माझी बॅग भरून दाराशी आहे, निळा ड्रेस, बूट, टोपी. टोपीची पट्टी नवीन शिवली, घट्ट.

आणि एक गंमत करायची होती मला. दहा दिवस मी गुपचूप सराव केला. फीकीच्या नातीची शाळेची पुस्तकं आणली, रोज दुपारी रिको बाहेर गेला की वाचायची, मनात, बोट न ठेवता. परत असं लोकांसमोर माझ्यामुळे अडायला नको त्याला. आज तयारी पूर्ण. संध्याकाळी त्याला समोर उभा केला आणि म्हटलं, "म्हण." त्याने ओळ म्हटली. मी लगेच मान हलवली. त्याने दुसरी म्हटली, मी लगेच! तेविसावं पान एका दमात, बोट न लावता. मी एवढी खूश, म्हटलं, "बघ! आता तुला एक क्षण थांबावं लागणार नाही."

त्याचं तोंड पांढरं पडलं. त्या दिवशी हॉलमध्ये पडलं होतं तसंच. माझ्यापुढे गुडघ्यावर बसला, माझं बोट धरलं आणि उचलून कागदावर ठेवलं, पहिल्या शब्दाखाली.

"नको औमा. असं नको. तू आपली हळूच वाच."

नटांचं डोकं मला कळत नाही. टीव्हीवाले म्हणतात हळू, पेपरवाले म्हणतात वा, आणि हा म्हणतो नको. मी म्हटलं, "अरे, पण एवढ्या लोकांसमोर तुला माझी वाट बघत उभं राहावं लागतं. मला कसं वाटतं ते."

"सवय आहे मला," रिको म्हणाला.

बरं. हळू वाचते. माझं काय जातंय.